फक्त दुचाकीसाठी

महाळुंगे,
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

दादा,

जय भीम. यापुढे 'तू मजेत असशील' असं लिहायचं असतं, ते मला जमणार नाही. तू मजेत आहेस हे ठाऊक आहे, तुमच्या कंपनीच्या पानावर फोटो दिसतात. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण बंगळुरूच्या घराचा पत्ता तू आईलासुद्धा दिलेला नाहीस आणि माझा नंबर दोन वर्षांपूर्वी ब्लॉक केलास. तीन मेल केले, एकालाही उत्तर नाही. कागद निदान हातात तरी घ्यावा लागतो, फाडायला का होईना.

कामाचं आधी. आपल्या गल्लीतून कंटेनर जायला लागलेत.

हो, आपल्याच. वरच्या कंपनी रोडवरून आत शिरतात आणि खालच्या रोडला निघतात. गल्ली केवढी आहे ते तुला सांगायला नको. टेपचं एक टोक तू धरलं होतंस आणि दुसरं मी. गोजाबाईंच्या ओट्यापाशी नऊ फूट चार इंच.

पहिली गाडी अठरा ऑगस्टला आली, पहिल्या शिफ्टच्या वेळेला. आली ती थेट गल्लीच्या मधोमध, मोठी गाडी शिरू नये म्हणून पप्पांनी लावलेल्या खांबापाशी येऊन अडली. तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी, अशा सहा. पुढे जाता येईना, मागे घेता येईना. तिसऱ्याने मागे घ्यायचा प्रयत्न केला आणि गोजाबाईंचा ओटा उडवला. गोजाबाई तिथेच मेथी निवडत बसल्या होत्या. उजवा घोटा मोडला. रिक्षा आत येईना म्हणून त्यांना चादरीत घालून चौघांनी उचलून रोडपर्यंत नेलं. म्हातारी वाटभर ओरडत होती आणि ड्रायव्हर लोक खाली उतरून डोक्याला हात लावून उभे होते.

मग आईच म्हणाली, "काढा त्यो खांब. पोरं शाळंला जायचीत, माणसं कामाव जायचीत." पहार तिनेच घरातून आणून दिली. पप्पांनी भंगारातला पाइप आणून, त्यात सिमेंट ओतून, दोन रविवार खपून लावलेला खांब. अख्खी वस्ती त्याला कोंडीरामचा खांब म्हणायची. तो तासाभरात उखडला. आई बघत उभी होती. रडली नाही.

तेव्हापासून गल्ली मोकळी झाली ती झालीच. रोज तीस-चाळीस गाड्या. एकाला मी थांबवलं, लातूरकडचा होता, हिंदुराव म्हणून. बिचारा खाली उतरला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "ताई, मला काय हौस हाय का इथं घुसायची? ह्याच्यात रस्ता मोकळा दाखवायलाय. अकरा मिनटं वाचतेत म्हणतंय. नाही गेलो तर मालक विचारतो, उशीर का केलास." वर कोपऱ्यात तुमच्या कंपनीचं निशाण होतं. अवजड गाड्यांचा नकाशा. तू ज्याचे नियम लिहितोस तो.

दादा, ज्यात कोणीही भर घालू शकतो आणि ज्यावरून तुमचा नकाशा होतो, त्या खुल्या नकाशात ही गल्ली आपण घातली. तू आणि मी, पायी चालून. खांब मी घातला, अगदी नेमक्या जागी. जमिनीवरून गेला तरी नकाशातून मी तो अजून काढलेला नाही, हे आधीच कबूल करते. तरीही तुमचा नकाशा त्या खांबाच्या आरपार रेघ काढतो. म्हणजे तुझा नियम खांब बघतच नाही. एवढं दुरुस्त कर. गाड्या यायच्या थांबल्या की आम्ही त्याच दिवशी खांब परत बसवतो. आत्ता बसवला तर पुन्हा सहा गाड्या अडकतील आणि मागे घेताना पुन्हा कोणाचं तरी हाड मोडेल.

आणि आई काय करते ते ऐक. सकाळी सहाला लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसते. गाडी आली की उठत नाही. हॉर्न मारतात, शिव्या घालतात, मग वळसा घालून जातात; ती जेवायला उठली की पुन्हा शिरतात. चौसष्ट वर्षांची बाई, बीपीची गोळी पदराला बांधून बसलेली असते. परवा एकाने बंपर अगदी खुर्चीच्या हाताला टेकवला. मी ओरडले तर मलाच म्हणते, "तू कामाला जा, मला बसून ऱ्हायचंय न्हवं? काय डोंगर फोडायचाय?"

नकाशा तुझा आहे हे मी तिला सांगितलेलं नाही. ती तुझं नाव घेऊन म्हणते, "बुद्धाला कळीव. त्यो त्याच लाईनीत हाय. त्यो करील."

तुला दोन मिनिटं लागतील. कर.

तनुजा


महाळुंगे,
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

दादा,

पत्र तुला बारा तारखेला मिळालं. पोस्टाच्या साइटवर तुझी सही दिसते. बुद्धरत्नमधला 'ब' अजून तसाच, पोट फुगलेला.

म्हणजे वाचलंस आणि मूग गिळून बसलास. वा!

तुझ्या उत्तराची वाट बघत मी हातावर हात ठेवून बसलेली नाही. खुल्या नकाशात आपल्या गल्लीवर 'अवजड वाहनांना बंदी' अशी नोंद टाकली. पुढच्या सोमवारी खुल्या नकाशावरून तुमचा नकाशा नेहमीसारखा नवा झाला, मी बघितला, रेघ तिथेच. मग तुमच्या कंपनीने नियमांची माहिती वाचायला ठेवलीय ती वाचून काढली. 'सरकारी फलकाचा आधार नसलेली बंदी ग्राह्य धरली जाणार नाही.' हे वाक्य कोणाचं ते मला खाली नाव न वाचताही कळतं. 'ग्राह्य' हा शब्द आपल्या घरात तुझ्याशिवाय कोणी वापरत नाही.

बरं, फलक तर फलक. मी रजा काढून एका ऑफिसात गेले, मग दुसऱ्या. दुसऱ्या ऑफिसातल्या साहेबांनी मोठं रजिस्टर उघडलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मॅडम, ही गल्ली आमच्याकडे रस्ता म्हणून नोंदलेलीच नाही. रस्ताच नाही तर फलक कशावर लावायचा?" मी म्हटलं, साहेब, मग रोज चाळीस कंटेनर कशावरून जातात? तर हसले. चहा पाजला मला. फलक नाही दिला.

घरी आल्यावर गोजाबाईंना बघायला गेले. पाय उशीवर ठेवून पडल्यात. त्यांनी विचारलं, "पोरी, त्या मोबाइलला आमची गल्ली दावली कुनी?" मी त्यांना सांगितलं, मावशी, नकाशात सगळंच असतं, रस्ता, नाला, विहार, खांब, तुमचा ओटासुद्धा. पण प्रत्येक जण त्यातून आपल्याला हवं तेवढं चाळून घेतो. दुचाकीवाल्याची चाळण वेगळी, ट्रकवाल्याची वेगळी. नियम म्हणजे ती चाळण. खांब चाळणीतून खाली पडला की गल्ली मोकळी दिसते. गोजाबाई म्हणाल्या, "मंग चाळनीवाल्याला सांग की बया." चाळणीवाला लहानपणी याच गोजाबाईंच्या मांडीवर झोपायचा.

तू का गप्प आहेस ते मला माहीत आहे. तुला वाटतं, मी पुन्हा तो जुना विषय काढीन. मग काढतेच.

चिखलीची खोली. खाली लेथ मशीन दिवसभर किंचाळायचं आणि वर आपण दोघं, एक टेबल, दोन खुर्च्या. पार्सलवाल्या पोरांसाठी खुल्या माहितीतून नकाशा करायचा, असं तू म्हणालास आणि मी नोकरी सोडून आले. गल्ल्या चालायला दोघं जायचो, पण नियमांची फाइल माझी होती दादा. दोनशे बारा ओळी. तीन वर्षं. एकेक नियम लिहायचा, नकाशा काढायचा, मग स्कूटर घेऊन महाळुंग्यापासून राजगुरुनगरपर्यंत जाऊन बघायचं की नकाशा खरं बोलतो का. उन्हाने माझे हात कोपरापर्यंत काळे पडले होते. आई म्हणायची, पोरीला कोण करून घेईल आता. तू मुलाखतीला निघालास तेव्हा म्हणालास, "तनू, नमुना म्हणून घेऊन जाऊ का फाइल?" मी म्हटलं, विचारतोस काय, ने की.

मग तुमच्या कंपनीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ बघितला. तू स्टेजवर, कोटात. मागे पडद्यावर माझ्या ओळी. वर माझं नाव होतं ते गेलेलं. आणि तू म्हणतोस, "धिस इज थ्री इयर्स ऑफ माय वर्क." लोक टाळ्या वाजवतात. मी तुला एकच शब्द पाठवला होता, चोर. तू ब्लॉक केलंस. पप्पांच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे पुण्यानुमोदनाला, सगळे जमले होते आणि लोक विचारत होते, बुद्धरत्न कुठंय. मी म्हटलं, कामात आहे.

केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं.

पण तो हिशोब मी सोडला रे. खरंच सोडला. मला नाव नको, कोट नको, टाळ्या नकोत. आईला त्या खुर्चीतून उठव, एवढंच मागतेय.

तनुजा


महाळुंगे,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

दादा,

तुझं उत्तर आलं.

अनोळखी नंबरवरून एक फोटो. खाली एक अक्षर नाही. ना आईची चौकशी, ना गोजाबाईंची. आपल्या जुन्या फाइलचा फोटो, संगणकात प्रत्येक ओळीच्या बाजूला ती कोणी कधी लिहिली ते दिसतं ना, तसा काढलेला. चौदाव्या ओळीभोवती लाल चौकोन. 'खांब: असला तरी रस्ता मोकळा धरा.' आणि बाजूला नाव, तनुजा. फेब्रुवारी २०२१.

कमाल आहे हं तुझी! टाळ्यांच्या वेळेला माझं नाव फाइलीतून गेलं आणि आता एका म्हातारीचा पाय मोडल्यावर बरोबर सापडलं.

आता मीही खरं सांगते. हिंदुरावने मोबाइल दाखवला त्याच क्षणी मला कळलं होतं. खांबाच्या आरपार रेघ काढणारी अशी एकच ओळ मला माहीत आहे आणि ती मी लिहिलेली आहे. पहिल्या पत्रात मी 'तुझा नियम' असं लिहिलं. दुसऱ्यातही सगळं तुझ्यावर ढकललं. लपवलं. वाटलं, तू गुपचूप दुरुस्त करशील आणि मला हे कधी बोलावंच लागणार नाही. गोजाबाईंच्या पायाकडे बघून मला जेवण जात नव्हतं, आणि आईला वाटत होतं मला ॲसिडिटी झालीय.

ओळ का लिहिली ते तुलाही आठवत असेल. पार्सलवाली पोरं तक्रार करायची, ताई, नकाशा खांब दिसला की लांबून फिरवतो, आणि आम्ही तर बाजूने गाडी काढतो. बरोबरच होतं त्यांचं. खांबाच्या बाजूने दुचाकी जाते. पप्पांनी दोन्ही बाजूंनी जागा ठेवली होतीच त्यासाठी. म्हणून मी लिहिलं, असला तरी मोकळा धरा. आणि फाइलीच्या डोक्यावर काय लिहिलं होतं? पहिल्या ओळीत माझं नाव. दुसऱ्या ओळीत तारीख. तिसऱ्या ओळीत, 'फक्त दुचाकीसाठी. मोठ्या गाडीला वापरू नये.'

माझं नाव पुसताना तू तिन्ही ओळी एकदम निवडल्यास आणि उडवल्यास. तुला फक्त नाव नको होतं. त्याच्याबरोबर ती सूचना गेली. मग तुमच्याकडच्या कोणीतरी, किंवा तूच, ती फाइल उचलून ट्रकच्या नकाशाला लावली. तिथे सांगायला कोणी नव्हतंच की ही स्कूटरची आहे.

परवापर्यंत मी स्वतःला समजावत होते की दादाला हे कळलेलंच नसेल. घाईत झालं असेल. पण तू पाठवलेला फोटो चौथ्या ओळीपासून सुरू होतो. वरच्या तीन कापल्यात. नीट कापता आलं नाही तुला. फोटोच्या वरच्या कडेला तिसऱ्या ओळीतल्या अक्षरांचे पाय दिसतात. दुचाकीतल्या 'दु'चा उकार स्पष्ट दिसतो. म्हणजे तू ती ओळ वाचलीस, तिथे काय लिहिलंय ते तुला समजलं, आणि मग तू ती कापलीस. दोन वर्षांपूर्वीचं मी चोरी समजत होते. याला काय म्हणू, सांग ना.

दसऱ्याला, दोन तारखेला, विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. वंदना झाल्यावर गल्लीचा विषय निघालाच. विहाराचे अध्यक्ष दादासाहेब म्हणाले, कोणीतरी बाहेरच्याने मुद्दाम केलंय. मी उठले. म्हटलं, बाहेरच्याने नाही. गाड्या ज्या नियमामुळे येतात तो मी लिहिलाय. दुचाकीसाठी लिहिला होता, तो चुकीच्या ठिकाणी लागला, पण ओळ माझी आहे. गोजाबाईंना खुर्चीत बसवून आणलं होतं. त्या म्हणाल्या, "तूच व्हय गं?" त्यांच्या सुनेने दोन दिवस आमच्या दारावरून जाताना मान फिरवली.

तुझं नाव मी घेतलं नाही. लोकांनी विचारलं, चुकीच्या ठिकाणी लावला कोणी? मी म्हटलं, एका कंपनीने. आई पहिल्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "चुकतंय माणूस. पर आता बुद्धाला लवकर कळीव, तुझी चूक त्यो निस्तरील."

मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

तनुजा


महाळुंगे,
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

दादा,

आईला गाडीचा धक्का लागायची आज तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळा आईने मला सांगितलंही नव्हतं, शेजारच्या शालनबाईंकडून कळलं. गाडी पुढे घेतात, थांबतात, पुन्हा जरा पुढे घेतात, म्हातारी घाबरून उठेल म्हणून. आज खुर्चीचा पाय बंपरमध्ये अडकला आणि आईला खुर्चीसकट चार-पाच फूट ओढत नेलं. दोन्ही गुडघे सोलवटलेत, मनगट सुजलंय. हाड मोडलं नाही. ड्रायव्हर पोरगेलासा होता, आईच्या पाया पडला. आई त्यालाच म्हणते, "जा बाबा, तुला उशीर व्हईल."

मी तिला म्हटलं, उद्यापासून बसायचं नाही. ती म्हणाली, "मंग पोरं कुठं खेळतील? गोजाबाई कुठं बसंल?" मी म्हटलं, तू गेलीस तर? तर म्हणते, "बुद्धाचं उत्तर येस्तोवर तरी बसते."

ऐकलंस? तुझ्या उत्तरासाठी ती बसलीय.

कंपनीला मी तक्रार केली. तीनदा. तिन्ही वेळा तेच छापील उत्तर, आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. संबंधित विभाग म्हणजे तू. तुझ्यावर तिथे कोणाचा दबाव असेल, वळसा घातला तर कंपनीचं मोठं गिऱ्हाईक जात असेल, नियम चुकला म्हणालास तर फाइल कोणाची हा प्रश्न निघत असेल. असेलही. मला एक ओळ लिहून कळवलं असतंस तर मी समजून घेतलं असतं, इतकी मी अजून मूर्ख आहे.

आता एकच गोष्ट उरलीय. खुल्या नकाशातून गल्लीच काढून टाकायची. जी गल्ली नकाशात नाही तिच्यातून कोणाचीही चाळण गाडी पाठवू शकत नाही.

आपण दोघांनी किती पोरांना शिकवलं, जमिनीवर आहे ते नकाशात असलंच पाहिजे, कोणाला आवडो न आवडो. एका बिल्डरचा माणूस खोलीवर आला होता, झोपडपट्टी दाखवू नका म्हणून. तू त्याला जिन्यावरून खाली घालवला होतास. मी लेथवाल्यांना अभिमानाने सांगत होते, माझा भाऊ आहे तो. आणि आता तेच मी करणार. आपली गल्ली, आपलं घर, विहाराचा रस्ता, माझ्याच हाताने.

रविवारपर्यंत थांबते. त्याआधी नियम बदललास तर हे पाप माझ्या हातून होणार नाही.

तनुजा


महाळुंगे,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

दादा,

तू थांबवलं नाहीस, म्हणून मी ते केलं. दोन तारखेला, रविवारी, जेवणं झाल्यावर. लॅपटॉप उघडला, गल्लीवर बोट ठेवलं, ती पिवळी झाली, आणि काढून टाकली. मग तो चौकोन येतो ना, 'काय बदल केला ते लिहा'. अकरा वर्षांत त्या चौकोनात मी कधी खोटं लिहिलं नव्हतं. लिहिलं, 'रस्ता अस्तित्वात नाही.' नंतर बराच वेळ लॅपटॉप मिटून त्यावर हात ठेवून बसले. आई म्हणाली, "काय गं, लाईट गेली का?"

सोमवारी तुमचा नकाशा नवा झाला. मंगळवारी सकाळी अकरा गाड्या आल्या, बुधवारी तीन. गुरुवारी एकही नाही.

ती शांतता तुला सांगू कशी? लोकांनी आधी विश्वासच ठेवला नाही. दुपारपर्यंत सगळ्या बायका दाराआड उभ्या राहून कान देत होत्या. मग कोणीतरी गोधड्या वाळत घातल्या, पोरांनी विटा लावून स्टंप केले. गोजाबाई वॉकर घेऊन पहिल्यांदा बाहेर आल्या आणि मोडक्या ओट्यावर बसल्या. त्यांच्या सुनेने वाटीभर खीर आणून दिली, माझ्याकडे न बघता, पण दिली. त्रास झाला नाही असं नाही. गॅसवाला चौकातूनच फोन करायला लागला, गल्ली सापडत नाही म्हणून. गोजाबाईंना व्यायाम शिकवायला येणारी तनिष्का नावाची मुलगी अर्धा तास खालच्या रोडला फिरत होती. मला प्रत्येक वेळी वाटायचं की उद्या ॲम्ब्युलन्स लागली तर? मी पोरांना शिकवून ठेवलं, फोन आला की धावत चौकात जायचं.

आईने खुर्ची घडवंचीखाली सरकवून ठेवली होती. चार दिवस मनगटाला शेक घेत घरात बसली. शनिवारी तर पुरणपोळी केली तिने. रविवारी खांब परत बसवायचं ठरलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मला नकाशाकडून सूचना आली. 'तुमच्या बदलात कोणीतरी बदल केला आहे.'

पत्रांना उत्तर द्यायला तुला दोन महिने पुरले नाहीत. गल्ली गेली तर सहा दिवसांत आलास. तुमच्या मशीनने कळवलं असणार, अकरा मिनिटं वाढली म्हणून. सगळं जसंच्या तसं परत घातलंस. गल्ली, तिचं वळण, विहारापाशी रुंद होते तेसुद्धा. फक्त खांब घातला नाहीस. तो आता जमिनीवर नाही ना. नियमाने अगदी बरोबर वागलास. तुझ्या जुन्या खात्यावरून घातलंस, आपण चिखलीत उघडलं होतं त्या. आणि त्या चौकोनात पुरावा म्हणून लिहिलंस, 'रस्ता जागेवर आहे. स्थानिक माहिती. माझं घर याच गल्लीत आहे.'

मी ते वाक्य किती वेळा वाचलं कोणास ठाऊक. पप्पा गेले तेव्हा तू तीन दिवसांत परत गेलास. आईने किती वेळा बोलावलं, दिवाळीला, चौदा एप्रिलला, कधी म्हणाला नाहीस की माझं घर तिथे आहे. म्हणालास ते ट्रकसाठी.

पुन्हा काढून टाकायचा विचार केला. पण आता त्यावर भांडण लागणार, बाकीचे लोक मध्ये पडणार, आणि विचारणार, रस्ता आहे की नाही? रस्ता आहे. खोटी मी ठरणार.

काल सोमवार होता, तुमचा नकाशा नवा झाला. आज पहाटे साडेपाचला पहिला हॉर्न वाजला. आई उठून बसली. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बुद्धाचं काही आलं का गं?"

मी म्हटलं, आलं.

"काय म्हनतो?"

सगळं सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं, दादा. फाइल, फोटो, कापलेल्या तीन ओळी, सगळं. तिचं सुजलेलं मनगट बघितलं आणि हिंमत झाली नाही. म्हटलं, त्याने लिहिलंय, माझं घर याच गल्लीत आहे.

तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. "असं लिवलं त्यानं? सवताच्या हातानं?" मी हो म्हटलं. "बघ," म्हणाली, "मी म्हनत न्हवते? आता येतोय त्यो. आल्यावर करील सगळं." मग तिने घडवंचीखालून खुर्ची ओढून काढली, पदराने पुसली, गोळी पदराला बांधली. मी आडवी गेले तर माझा हात बाजूला सारून म्हणाली, "सर गं. त्यो येस्तोवर गल्ली राखाय नको?"

आत्ता पावणेसात झालेत. ती तिथे बसलीय. मी दारातून हे लिहितेय, आणि मला इथून तिची पाठ दिसतेय.

तनुजा